नॉरएथिस्टेरॉन

नॉरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकासारखे (हॉर्मोनसारखे) काम करणारे कृत्रिम औषध आहे. अमेरिकेत ते नॉरएथिन्ड्रोन या नावाने ओळखले जाते. भारतात प्रिमोल्युट-एन, रेजेस्ट्रोन अशा नावांनी त्याच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात. घरोघरी मात्र ती ‘पाळी पुढे ढकलायची गोळी’.

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर अंडाशयात प्रोजेस्टेरॉन तयार होऊ लागते आणि गर्भाशयाचे अस्तर टिकून राहते. गर्भ राहिला नाही की त्याची पातळी घसरते, अस्तर सुटते आणि पाळी येते. ही घसरण होण्याआधी बाहेरून तसेच संप्रेरक देत राहिले, तर अस्तर जागेवर राहते. नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन तोंडाने घेतल्यास यकृतात त्याचा बराचसा भाग नष्ट होतो, म्हणून पोटातून टिकणारा रेणू हवा होता. मेक्सिको सिटीतील सिंटेक्स कंपनीत १५ ऑक्टोबर १९५१ रोजी लुईस मिरामोंतेस या २६ वर्षांच्या रसायनशास्त्रज्ञाने तो बनवला. कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रांझ हे त्याचे वरिष्ठ. सिंटेक्सचा स्टेरॉइडचा (प्रोजेस्टेरॉन ज्यात मोडते त्या रसायनवर्गाचा) सारा व्यवसाय मेक्सिकोच्या जंगलातल्या एका कंदावर उभा होता; कच्चा माल त्यातूनच मिळे. १९५७ मध्ये अमेरिकेत हे औषध पाळीच्या तक्रारींसाठी मंजूर झाले; गर्भनिरोधक गोळीत ते काही वर्षांनी आले.

अतिरक्तस्राव, अनियमित पाळी, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) हे त्याचे मुख्य उपयोग. एंडोमेट्रिओसिसमध्ये ते कित्येक महिने घ्यावे लागते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे दुसरे स्त्री-संप्रेरक देताना गर्भाशयाचे अस्तर जाड होऊन कर्करोगाचा धोका वाढू नये, म्हणून नॉरएथिस्टेरॉनची छोटी मात्रा जोडीला देतात. केवळ प्रोजेस्टेरॉनवर्गीय गर्भनिरोधक गोळीत ते ०.३५ मिलिग्रॅम इतकेच असते आणि ती रोज ठरलेल्या वेळी घ्यावी लागते.

महाराष्ट्रात सर्वाधिक बोलबाला आहे तो पाळी लांबवण्याच्या वापराचा. गौरी-गणपती, सत्यनारायण, घरचे लग्न जवळ आले की बायका कॅलेंडरवर तारखा मोजतात आणि मेडिकलमधून पाकीट मागवले जाते. औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायचे, पण पुष्कळदा चिठ्ठी कोणी मागत नाही. पाळीचा विटाळ मानण्याची रीत या गोळीमागे उभी आहे, हे उघडच आहे. परीक्षा, प्रवास, खेळाच्या स्पर्धा ही कारणे त्यात नंतर मिसळली. नेहमीची पद्धत अशी : पाळीच्या अपेक्षित तारखेच्या ३ दिवस आधीपासून दिवसातून ३ वेळा एकेक गोळी. गोळ्या थांबवल्यावर साधारण २-३ दिवसांत रक्तस्राव सुरू होतो. ऐन आदल्या दिवशी सुरू केली तर ती हमखास लागू पडेल असे नाही. अशा प्रकारे घेतलेल्या गोळ्यांवर गर्भनिरोधक म्हणून विसंबता येत नाही, ही गोष्ट अनेकींना माहीत नसते. थांबवूनही पाळी आली नाही, तर गर्भधारणेची तपासणी करावी.

मळमळ, डोकेदुखी, पोट फुगणे, स्तन दुखणे, चिडचिड, मधूनमधून डाग लागणे हे त्रास नेहमीचे. या औषधाची रचना टेस्टोस्टेरॉन या पुरुष-संप्रेरकाच्या जवळची असल्याने काहींना मुरुमे येतात. आणखी एक बाब गंभीर आहे. शरीरात याचा थोडा भाग एथिनिल इस्ट्रॅडिओल या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम घेतले, तर हे प्रमाण मिश्र गर्भनिरोधक गोळीतल्या (जिच्यात इस्ट्रोजेनही असते) २० ते ३० मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिओलइतके भरू शकते. म्हणजे ‘यात इस्ट्रोजेन नाही’ असे पाकिटावरून वाटले तरी मोठ्या मात्रेत शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका गृहीत धरावा लागतो. निरोगी तरुणीत तो कमी असतो. पूर्वी गुठळी झालेली असेल, घरात तसा इतिहास असेल, वजन फार असेल, धूम्रपान असेल किंवा नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर तो दुर्लक्षिण्याजोगा राहत नाही. एका पोटरीला सूज व दुखणे, अचानक धाप, छातीत कळ, दिसेनासे होणे यांपैकी काही झाले तर गोळी बंद करून तडक रुग्णालय गाठावे. यकृताचा तीव्र आजार, स्तनाचा कर्करोग, गर्भधारणा आणि कारण न कळलेला योनिमार्गातील रक्तस्राव असताना ती देत नाहीत. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन आणि फेफऱ्यावरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांमुळे तिचा असर घटतो. काउंटरवरून पाकीट सरकवताना यातले काहीच विचारले जात नाही.

याच औषधाचे दुसरे रूप म्हणजे नॉरएथिस्टेरॉन एनान्थेट, थोडक्यात नेट-एन : २०० मिलिग्रॅमचे, साधारण दोन महिन्यांनी घ्यायचे गर्भनिरोधक इंजेक्शन. भारतात त्याच्या चाचण्या सुरू असताना हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे बायकांना पुरेशी माहिती न देता त्यांना चाचणीत घेतले जात असल्याचे हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटना या स्त्रियांच्या गटातील कार्यकर्त्यांना आढळले. या संघटनेने दिल्लीची ‘सहेली’ ही स्त्री-संघटना आणि इतरांसह १९८६ मध्ये नेट-एनविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ती २००० पर्यंत चालली. सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात २०१७ मध्ये ‘अंतरा’ नावाने जे इंजेक्शन आले, ते नेट-एन नव्हे. त्यात मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे वेगळे औषध असते आणि ते दर तीन महिन्यांनी देतात.