दरड-पाहणी, भूवैज्ञानिक (मुंबई)

दरड कोसळल्यावर किंवा कोसळण्याची चिन्हे दिसताच उताराचा खडक, भेगा व पाणी तपासून बचावकार्य, स्थलांतर आणि दुरुस्तीसाठी सल्ला देण्याचे काम. घाटकोपर (१२ जुलै २०००) व साकीनाका (२६ जुलै २००५, त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस) येथील दुर्घटनांनंतर त्याची निकड स्पष्ट झाली. भूस्खलनासाठी केंद्राची मुख्य संस्था भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही आहे.

मुंबईत बेसाल्ट या काळ्या लाव्हा-खडकाबरोबर रायोलाइट व ट्रॅकाइट हे फिकट लाव्हा-खडक आणि ज्वालामुखी राखेचे थर आढळतात. दख्खनचे मुख्य ज्वालामुखी उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. मुंबईतील काही खडक त्याहून अलीकडचे असावेत. थर पश्चिमेस, समुद्राकडे कलले आहेत. हा कल ज्याचा भाग मानतात त्या पनवेल फ्लेक्शरची (किनाऱ्यालगत थरांना पडलेल्या मोठ्या वाकाची) उत्पत्ती वादग्रस्त आहे. पृथ्वीचे कवच नुसते वाकले, ही जुनी मांडणी. वक्र विभंगावरून (ज्या भेगेवर खडक सरकतात तिच्यावरून) खडक घसरताना थर विभंगाकडे झुकले, असे भूवैज्ञानिक हेतु शेठ यांनी १९९८ मध्ये मांडले. किनारपट्टी ताणली गेल्याच्या खुणांशी हे मत अधिक जुळते. पाहणीत महत्त्व कलाच्या दिशेला असते. पश्चिम उतारावर थर आणि उतार एकाच बाजूला झुकतात. मध्ये राखेचा कुजलेला थर भिजला की वरचा खडक त्यावरून सरकतो. जुन्या खाणींच्या उभ्या कड्यांतून मात्र ठोकळे सुटून पडतात.

प्रथम माथा पाहतात. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर तासातासाला टेपने मोजतात. रुंदावण्याचा वेग वाढला तर घरे तत्काळ रिकामी करतात. स्वच्छ पाझर गढूळ होणे किंवा भर पावसात एकाएकी आटणे, दोन्ही वाईट. बचावकार्यात जेसीबीने पायथा उकरला तर आधार जाऊन दुसरी दरड येते. म्हणून राडारोडा बाजूने उपसतात आणि माथ्यावर शिट्टी दिलेला माणूस उभा करतात.

संरक्षक भिंतीत साधारण ७५ ते १०० मिमी. व्यासाच्या, मागचे पाणी काढणाऱ्या, बाहेर उतरत्या नळ्या व मागे खडीचा थर लागतो. वस्तीत नळ्यांची तोंडे कचऱ्याने किंवा गिलाव्याने बुजतात. भिंतीमागे ३ मी. पाणी साचले तर तळाशी चौरस मीटरला सुमारे ३ टन जादा दाब येतो आणि भिंतच घरांवर पडते. त्यामुळे मेमधली कोरडी पाहणी पुरत नाही. पहिल्या मोठ्या सरीत नळ्या पुन्हा पाहाव्या लागतात. वरचा उतार निथळत असूनही त्या कोरड्या राहिल्या तर भिंतीखालची घरे आधी हलवावी लागतात.