जीपीएस मार्गदर्शक यंत्र, वाहनातील : निवड व बसवणी (कोल्हापूर परिसर)

वाहनाच्या काचेवर किंवा डॅशबोर्डवर बसवायचे, हवे तेव्हा काढून दुसऱ्या गाडीत नेता येणारे आणि उपग्रहांच्या संदेशांवरून गाडीची जागा ओळखून पुढची वाट दाखवणारे यंत्र. रोजच्या बोलण्यात त्याला नुसते ‘जीपीएस’ किंवा ‘नेव्हिगेशन’ म्हणतात. मोबाईल होल्डरमध्ये अडकवून ‘मॅप लावणे’ हा त्याचाच आजचा सर्वांत रूढ प्रकार आहे, म्हणून बसवणीबद्दल पुढे जे सांगितले आहे ते मोबाईललाही तसेच लागू पडते.

कोल्हापूर शहरातल्या शहरात याची गरज थोडी. बिंदू चौकातून गंगावेशीला जायचे तर रस्त्यावरचा कोणीही माणूस यंत्रापेक्षा चांगला पत्ता सांगतो. गरज पडते ती शहराबाहेर. पश्चिमेला गगनबावड्याहून करूळ आणि भुईबावडा घाट उतरतात. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातून फोंडा घाट, मलकापूरवरून आंबा घाट आणि आजऱ्यावरून आंबोली घाट कोकणात जातो. पूर्वेला कृष्णा-पंचगंगेच्या काठची सपाट, उसाची, पुराची जमीन आहे. या दोन टोकांना यंत्राची परीक्षा होते, आणि निवडही तिथलाच विचार करून करावी.

कार्य : अमेरिकेच्या जीपीएस व्यवस्थेचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला गेला आणि १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने सुरू झाली. उपग्रह सुमारे २०,२०० किमी. उंचीवरून फिरतात. जागा ठरवण्यासाठी किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात : तीन जागेसाठी आणि चौथा यंत्राच्या साध्या घड्याळाची चूक काढण्यासाठी. सामान्य वापरासाठीच्या संदेशात मुद्दाम घातलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली. त्यानंतरच रस्त्यागणिक वाट दाखवणारी स्वस्त यंत्रे खऱ्या अर्थाने उपयोगाची झाली. आज मोकळ्या आकाशाखाली जागा साधारण पाच मीटरच्या आत कळते. बहुतेक नवी यंत्रे जीपीएसबरोबर रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ किंवा चीनची बैदू या व्यवस्थाही ऐकतात. भारताच्या ‘नाविक’ व्यवस्थेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला, पण तिचे सुरुवातीचे उपग्रह एल५ आणि एस या लहरींच्या पट्ट्यांत बोलतात. फक्त एल१ हा जीपीएसचा नेहमीचा पट्टा ऐकणाऱ्या जुन्या यंत्रांना ते कळत नाहीत. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून नाविकमध्ये एल१ आला.

घाटातल्या प्रवाशाने एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. उपग्रहाचा संदेश ऐकण्यासाठी मोबाईलचे नेटवर्क लागत नाही. नेटवर्क लागते ते नकाशा उतरवून घ्यायला. दाजीपूरच्या जंगलात किंवा करूळच्या वळणांवर रेंज गेली की मोबाईलवर निळा ठिपका पुढे सरकत राहतो, पण खालचा नकाशा कोरा होतो. सुट्या यंत्रात सगळा नकाशा आतच साठवलेला असतो. सुट्या यंत्राचे हेच खरे बळ आहे. मोबाईल वापरायचा असेल तर निघण्यापूर्वी घरच्या वाय-फायवर कोल्हापूर, सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि बेळगाव एवढा पट्टा ऑफलाइन उतरवून ठेवावा, म्हणजे हा फरक बराचसा मिटतो.

दुसरा फरक सुरू होण्याच्या वेळेचा. उपग्रह आपली माहिती सेकंदाला केवळ ५० बिट इतक्या संथपणे पाठवतो. त्याच्या स्वतःच्या कक्षेचा तपशील दर ३० सेकंदांनी पुन्हा येतो, आणि सगळ्या उपग्रहांचे पंचांग (कोणता उपग्रह केव्हा साधारण कुठे असेल याचा तक्ता) पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटे लागतात. मोबाईल ही माहिती नेटवर्कवरून क्षणात घेतो. महिनोन्‌महिने कपाटात पडलेले सुटे यंत्र मात्र आकाशातूनच सगळे ऐकत बसते. ते बिघडलेले नसते. गाडी मोकळ्या जागी दोन-चार मिनिटे उभी ठेवून मग निघावे. धावत्या गाडीत, दोन्ही बाजूंच्या इमारतींमधून, हे काम आणखी लांबते.

निवड : पडद्याचा आकार आणि रंगरूप यांवर दुकानात सर्वाधिक बोलले जाते. खरे तर आधी पाहायचा तो नकाशा. परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेल्या यंत्रात भारताचा नकाशा बहुधा नसतो, तो वेगळा विकत घ्यावा लागतो. खोक्यावर ‘लाइफटाइम मॅप’ लिहिलेले असले तरी त्याचा अर्थ उत्पादक त्या मॉडेलला आधार देईल तोवर, एवढाच. नकाशा किती ताजा आहे हे रस्त्यांच्या क्रमांकांवरूनही ताडता येते. पुणे-बंगळूर महामार्ग पूर्वी ४ क्रमांकाचा होता, आता तो ४८ आहे. रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता २०४ होता, आता १६६ आहे. यंत्र अजून जुनेच आकडे दाखवत असेल तर त्यातले बाह्यवळण रस्ते आणि उड्डाणपूलही जुनेच असणार.

नकाशा पारखायचा तर विकत घेण्यापूर्वी त्यात इथलीच नावे टाकावीत. ‘कावळा नाका’ लिहिल्यावर ताराराणी चौक सापडतो का? पापाची तिकटी, मिरजकर तिकटी, राजारामपुरीतली आठवी गल्ली मिळते का? नृसिंहवाडी आणि नरसोबाची वाडी ही एकाच गावाची दोन नावे त्याला ठाऊक आहेत का? इंग्रजी अक्षरांत शोधताना कसबा बावडा आणि गगनबावडा यांत ‘व्ही’ घालावा की ‘डब्ल्यू’, यावर यंत्र अडखळते, म्हणून दोन्ही करून पाहावे. सर्वांत चांगली कसोटी जोतिबाच्या डोंगराची. देवस्थानाच्या गावाचे नाव वाडी रत्नागिरी. निष्काळजीपणे पहिला पर्याय दाबला तर यंत्र परगावच्या भाविकाला आंबा घाट उतरवून थेट समुद्रकाठच्या रत्नागिरीच्या वाटेला लावू शकते. मलकापूरचेही तसेच : एक शाहूवाडीचे, एक कराडजवळचे, एक बुलढाण्याचे. यादीतल्या नावापुढचा तालुका-जिल्हा वाचल्याशिवाय ‘जा’ दाबू नये. ज्या जागी पुन्हापुन्हा जायचे आहे तिचे अक्षांश-रेखांश साठवावेत. कोल्हापूर शहर साधारण १६.७० उत्तर, ७४.२४ पूर्व येथे आहे. अंश-मिनिटांत दिलेला आकडा दशांशात टाकला तर मुक्काम कित्येक किलोमीटर सरकतो.

नकाशाची खरी उणीव मात्र पावसाळ्यात दिसते, आणि ती कोणत्याही कंपनीच्या यंत्रात आहे. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे या जिल्ह्यात नदीगणिक आहेत. पावसाळा संपताना खांबांमधल्या खाचांत बर्गे म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या घालून पाणी अडवायचे आणि पावसाच्या तोंडावर ते काढून नदी मोकळी करायची, अशी त्यांची रचना. बंधाऱ्याच्या माथ्यावरून अरुंद वाट असते, तीवरून दुचाकी आणि लहान गाड्या जातात. नकाशात ही वाट अनेकदा इतर रस्त्यांसारखाच एक रस्ता म्हणून नोंदलेली असते. ‘सर्वांत जवळचा मार्ग’ निवडला की यंत्र हमखास तीच सुचवते. पण भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी या नद्या चढल्या की हे बंधारे पाण्याखाली जातात. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची यादी रोज जाहीर करते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरली जाते. हे आकडे इथल्या पोराटोरांना पाठ असतात, यंत्राला त्यांची गंधवार्ता नसते. साठवलेल्या नकाशात तर पाणी दिसण्याचा प्रश्नच नाही. ऑनलाइन नकाशात अडथळा दिसतो, पण कोणीतरी कळवल्यावर किंवा गाड्या थांबल्याचे जाणवल्यावर. रात्री ज्या बंधाऱ्यावर कोणी जातच नाही तिथे काहीच जाणवत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्गच पाण्याखाली जाऊन बंद झाला होता. तेव्हा यंत्राने सुचवलेली आडवाट आणखी सखल भागात नेण्याची भीती अधिक.

यावर उपाय यंत्रातच आहे, पण तो फारसे कोणी वापरत नाही. बऱ्याच सुट्या यंत्रांत रस्त्याचा ठराविक तुकडा किंवा भाग ‘टाळा’ म्हणून कायमचा नोंदता येतो. आपल्या नेहमीच्या वाटेवरचे बंधारे जून उजाडण्यापूर्वी त्यात घालावेत आणि दिवाळीनंतर काढावेत. ‘कच्चे रस्ते टाळा’ ही निवडही चालू ठेवावी. ज्या यंत्रात तुकडा टाळण्याची सोय नाही ते या जिल्ह्यासाठी घेऊ नये, असे स्पष्ट म्हणावेसे वाटते. त्यापुढे पडदा पाच इंची की सात इंची हा प्रश्न किरकोळ आहे. आवाज खणखणीत हवा, आणि सूचना मराठीत आहेत का हे दुकानातच ऐकून घ्यावे, एवढे पुरे.

बसवणी : यंत्र कुठे लावले यावर ते मदत करते की धोका वाढवते हे ठरते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे काचेचा उजवा खालचा कोपरा सोयीचा वाटतो, कारण नजर फारशी हलवावी लागत नाही. सपाट महामार्गावर हे ठीक आहे. घाटात मात्र काचेशेजारचा उजवा खांब आधीच वळणावरचा थोडा भाग झाकत असतो. त्याला लागून यंत्र बसवले की झाकलेला भाग रुंदावतो, आणि उजव्या वळणावर समोरून येणारी दुचाकी त्यात पूर्ण लपू शकते. म्हणून घाटाच्या वाटेला स्टिअरिंगच्या किंचित डावीकडे, डॅशबोर्डच्या मधोमध, खाली बसवणे अधिक चांगले. चालकाच्या जागेवरून पाहताना यंत्राची वरची कड बॉनेटच्या रेषेच्या वर येता कामा नये. डाव्या हाताला ते पोचते आणि शेजारी बसलेल्यालाही चालवता येते. काचेच्या मधोमध, आरशाखाली लोंबते ठेवणे सर्वांत वाईट.

एअरबॅगचे झाकण जिथे आहे, म्हणजे डॅशबोर्डवर जिथे ‘एसआरएस एअरबॅग’ असे उठवलेले असते, तिथे काहीही चिकटवू नये. एअरबॅग फुगली तर यंत्र माणसाच्या तोंडावर फेकले जाते. ज्या गाड्यांत बाजूच्या पडदा-एअरबॅग आहेत तिथे खांबाच्या आवरणावरून वायर नेऊ नये.

सक्शनचा स्टँड काचेवर चांगला धरतो, खडबडीत प्लॅस्टिकवर धरत नाही, कारण खाचांतून हवा आत शिरते. डॅशबोर्डवर लावायचाच तर आधी चिकटवायची गुळगुळीत चकती बसवावी, किंवा वाळूच्या पिशवीसारखा जड बैठकीचा स्टँड घ्यावा. काच स्पिरिटने पुसावी. डॅशबोर्डला लावायच्या पॉलिशचा हात लागलेली काच कप धरत नाही. चकती चिकटवल्यावर एक दिवस तिच्यावर वजन देऊ नये. पावसाळ्यात काचेला आतून बाष्प धरते, तेव्हा कप सुटतो, म्हणून लांब प्रवासात अधूनमधून दाबून पाहावा. एसीच्या जाळीत अडकवायचे क्लिप हलक्या मोबाईलला चालतात. जड यंत्राने जाळीच्या पट्ट्या मोडतात.

काही गाड्यांच्या पुढच्या काचेत उष्णता अडवणारा धातूचा सूक्ष्म थर असतो. त्यातून उपग्रहाचा संदेश क्षीण होतो. अशा काचेत आरशाजवळ थर नसलेली खिडकी ठेवलेली असते. त्या खिडकीत यंत्र न लावता त्याला जोडायचा वेगळा अँटेना लावावा. धातूच्या सनफिल्मचाही हाच त्रास. स्वस्त डॅशकॅम आणि हलक्या प्रतीचे चार्जरही उपग्रहाच्या लहरींत गोंगाट करतात. उपग्रह सापडत नसतील तर ते काढून पाहावे.

वायर स्टिअरिंग, गिअर आणि पेडल यांपासून दूर, कडेच्या रबरातून दडपून न्यावी. लायटरचे सॉकेट मोटारीत १२ व्होल्टचे असते, ट्रकमध्ये बहुधा २४ चे. चार्जरवर ‘१२–२४ व्होल्ट’ लिहिलेले आहे का हे ट्रकवाल्याने पाहिलेच पाहिजे. कायमची जोडणी करायची तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून फ्यूज घालून आणि किल्लीबरोबर बंद होणाऱ्या लाइनीवरून करून घ्यावी.

दुचाकीवर हँडलच्या कंपनांनी मोबाईलच्या कॅमेऱ्याची स्थिरता बिघडू शकते, म्हणून कंपने शोषणारा स्टँड घ्यावा. पावसात वापरायच्या यंत्राला ‘आयपीएक्स ७’ अशी खूण असावी, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. ट्रॅक्टरवर किंवा जुन्या टेम्पोत तयार स्टँड बसत नसेल तर शिवाजी उद्यमनगरात लोखंडी पट्टी वाकवून, मध्ये रबरी वॉशर घालून तो करून घेता येतो. असा स्टँड बाजारातल्या प्लॅस्टिकपेक्षा पुष्कळ टिकतो.

१ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार, वाहन चालवताना हातात धरायचे संपर्क-साधन केवळ मार्ग पाहण्यासाठी आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने वापरता येते. ठिकाण गाडी उभी असताना घालावे. जोतिबाच्या चैत्र यात्रेला आणि नवरात्रात अंबाबाई मंदिराच्या आसपास पोलीस वाहतुकीचे मार्ग बदलतात. त्या दिवसांत रस्त्यावरचा फलक आणि हवालदाराचा हात यंत्राच्या सूचनेपेक्षा वरचढ मानावा.

एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत यंत्र ठेवल्यास आतली लिथियम बॅटरी फुगते किंवा लवकर संपू लागते, म्हणून उतरताना ते बरोबर न्यावे. काचेवरचा कपाचा गोल डागही पुसावा. आत यंत्र आहे याची चोराला तीच खूण असते. जुने यंत्र विकत घेताना त्यातली तारीख पाहावी. जीपीएसचे आठवडे १०२४ पर्यंत मोजून पुन्हा शून्यावर येतात. असा फेरा ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री पूर्ण झाला. त्यानंतर सॉफ्टवेअर अद्ययावत न केलेली काही यंत्रे जवळजवळ वीस वर्षे मागची तारीख दाखवतात आणि पोचण्याची वेळही चुकवतात. अद्ययावत सॉफ्टवेअर मिळत नसेल तर असे यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.