समुद्री गवताची कुरणे

उथळ खाऱ्या पाण्यात पूर्ण बुडून वाढणाऱ्या, फुले आणि बिया धरणाऱ्या वनस्पतींना समुद्री गवत म्हणतात. त्यांची शेवाळाशी गल्लत नेहमी होते. शेवाळाला खरी मुळे नसतात, फुलेही नसतात. समुद्री गवताला दोन्ही असतात, शिवाय वाळूखाली आडवे पसरणारे खोड (मूलक्षोड) असते. नावात गवत असले तरी हे भाताच्या किंवा दर्भाच्या कुळातले नव्हे. फिशटँकमधले हायड्रिला हे यातल्या काही जातींचे जवळचे नातेवाईक. जगात समुद्री गवताच्या सुमारे ७० जाती आहेत, भारताच्या किनाऱ्यांवर पंधराच्या आसपास.

बहुतेक जातींचे परागण पाण्यातच होते. एनहॅलस या लांब पात्याच्या जातीची तऱ्हा मात्र निराळी आहे. तिची नरफुले देठापासून सुटून वर येतात आणि पाण्याच्या पृष्ठावर तरंगत मादीफुलापर्यंत पोहोचतात.

या वनस्पतीचे सारे गणित उजेडाचे आहे. पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचा साधारण दहावा हिस्सा तरी तळापर्यंत पोहोचावा लागतो. अनेक शेवाळे याहून कितीतरी कमी उजेडात भागवतात. कोकणात विस्तीर्ण कुरणे का नाहीत, याचे उत्तर बऱ्याच अंशी इथेच आहे. पावसाळ्यात नद्या तांबडी माती घेऊन उतरतात आणि मोठ्या भरती-ओहोटीने गाळ सतत ढवळला जातो. तरीही गोव्यात मांडवीच्या खाडीत हॅलोफिला बेक्कारी ही चिमुकली जात आढळते. ती कांदळवनाजवळच्या चिखलात वाढते. ओहोटीला तो चिखल उघडा पडतो, म्हणजे गढूळ पाण्यातून उजेड येण्याची वाट तिला पाहावी लागत नाही. पायाखाली आली तरी बहुतेकांना ती कळणार नाही.

भारतातली मोठी कुरणे तमिळनाडूच्या किनाऱ्याला, मन्नारचे आखात आणि पाल्क उपसागर इथे आहेत. रामेश्वरला अग्नितीर्थावर स्नान करणारे मराठी यात्रेकरू ज्या संथ पाण्यात उतरतात, तो पाल्क उपसागरच. तो उथळ आहे आणि मोठ्या लाटांपासून बऱ्यापैकी आडोशाला. पाती पाण्याचा वेग मोडतात, त्यामुळे गाळ खाली बसतो. मुळे तो धरून ठेवतात. म्हणजे कुरण आपल्याला लागणारे स्वच्छ पाणी काही प्रमाणात स्वतःच राखते. कुरण एकदा फाटले की हेच चक्र उलटे फिरते: गाळ मोकळा होतो, पाणी गढुळते आणि शेजारची पातीही मरू लागतात.

या कुरणांचा सर्वांत प्रसिद्ध चरणारा म्हणजे डुगाँग. तमिळमध्ये त्याला ‘कडल पसु’, म्हणजे समुद्रगाय म्हणतात. हा सस्तन प्राणी दिवसाला ३०–४० किलो गवत खातो, तेही बऱ्याचदा मुळासकट. मागे वाळूत नांगरल्यासारखी वाट उरते. मादीला काही वर्षांच्या अंतराने एकच पिल्लू होते, त्यामुळे जाळ्यात अडकून मेलेली एक मादीही मोठे नुकसान ठरते. कोळंबीची पिल्ले, खेकडे, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या यांचाही आसरा हेच गवत. मच्छीमाराच्या दृष्टीने डुगाँगपेक्षा ही कोळंबी जास्त महत्त्वाची असणार, आणि संवर्धनाची बोलणी तिथूनच सुरू करणे शहाणपणाचे.

तळ खरवडणारे ट्रॉलर हे इथले ठळक संकट. आपल्या रापणीसारखी किनाऱ्यावरून ओढायची जाळी, नांगर आणि बोटींचे पंखेही पाती उपटतात. शेतातली खते व सांडपाणी आले की पात्यांवर शेवाळाचा थर चढतो आणि उजेड पुन्हा अडतो. कायद्याने कुरणांना किनारा नियमन क्षेत्राच्या सर्वांत संरक्षित वर्गात घातले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तमिळनाडूने तंजावर आणि पुदुकोट्टई जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगत ४४८ चौ. किमी.चे देशातले पहिले डुगाँग संवर्धन क्षेत्र घोषित केले.

उजाड तळावर पुन्हा लावणीही केली जाते. पाल्क उपसागरात बांबूच्या चौकटींना काथ्याची दोरी ताणून तिला कोंब बांधतात आणि चौकट तळाशी ठेवतात. गवत रुजेपर्यंत बांबू-काथ्या टिकला की काम झाले. पण लावणी कुठे तगते हे पाणी ठरवते. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनारी खाड्यांतले झोस्टेरा गवत १९३०च्या दशकात रोगाने आणि १९३३च्या चक्रीवादळाने नाहीसे झाले होते. पुढे तिथले पाणी पुरेसे नितळ होते, कमतरता होती ती बियांची. १९९९पासून ७ कोटींहून अधिक बिया पेरल्यावर तिथे सुमारे ३,६०० हेक्टर कुरण उभे राहिले. गढूळ पाण्यात तितक्याच बिया टाकणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

लक्षद्वीप मात्र या हिशेबात बसत नाही. तिथल्या खाजणांचे, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआडच्या उथळ समुद्राचे, पाणी काचेसारखे आहे, ट्रॉलरही नाहीत. अगत्ती बेटाच्या खाजणात हिरव्या कासवांची संख्या इतकी वाढली की त्यांनी पाती बुडख्यापर्यंत खाल्ली. तिथले कुरण विरळले तसा कासवांचा मोर्चा दुसऱ्या बेटांकडे वळला आणि तिथेही तेच घडले. कासवे कायद्याने संरक्षित आहेत आणि कुरणेही. खाजणातली मासळी घटल्याचा दोष स्थानिक मच्छीमार कासवांना देतात.