लँडस्केप क्रॉप करू नये, हे ठरवलं कोणी?

ब्लॅक अँड व्हाइट लँडस्केप करणाऱ्यांमध्ये एक सोवळं हमखास पाळलं जातं. फ्रेम कॅमेऱ्यातच जुळवायची, मागाहून कापाकापी करायची नाही. कुणी ‘हा क्रॉप केलाय का?’ असं विचारलं, की उत्तर देणाऱ्याचा आवाज जरा खाली येतो. हा दंडक फोटोग्राफीच्या जन्मापासूनचा असावा असं वाटतं. प्रत्यक्षात तो एका तांत्रिक अडचणीतून आला आणि तत्त्व म्हणून मिरवायला लागला तो 1930च्या आसपास.

अडचण कागदाची होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चालणारा अल्ब्युमिन कागद इतका मंद, की काचेची निगेटिव्ह त्यावर दाबून उन्हात ठेवावी लागे. निगेटिव्ह मोठी करून छापणं फार खटाटोपाचं. त्यामुळे जेवढी काच तेवढा फोटो. अमेरिकी फोटोग्राफर कार्लटन वॉटकिन्सने 1861 मध्ये कॅलिफोर्नियातली योसेमिटीची दरी टिपली ती 18 बाय 22 इंचांच्या काचांवर. आपल्याकडे सॅम्युअल बोर्न या ब्रिटिश फोटोग्राफरने 1866 मध्ये हिमालयातल्या, सुमारे 18,600 फुटांवरच्या मनिरंग खिंडीत कॅमेरा लावला, तेव्हा काचा, रसायनं आणि तंबू हमालांच्या पाठीवर होते. एवढा भार वर चढवल्यावर काचेचा काठ वाया घालवणं कुणाला परवडणार? पाय कुठे रोवायचे हे आधी ठरवण्याची शिस्त इथून आली.

तरी कात्री तेव्हाही चालायचीच. त्या काळची कलोडियन प्लेट, म्हणजे रसायनाचा थर दिलेली काच, निळ्या रंगाला अतिसंवेदनशील होती. डोंगर नीट यावा म्हणून एक्सपोजर द्यावं, तर आकाश कोरं पांढरं होऊन जाई. मग कुणी क्षितिज वर ढकलून आकाशाची पट्टी चिंचोळी करी, कुणी प्रिंटचे वरचे कोपरे कमानीसारखे गोल कापून टाकी. फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे तर 1850च्या दशकात समुद्र एका निगेटिव्हवरून आणि ढग दुसरीवरून छापत असे. सांधा क्षितिजावर, म्हणजे डोळ्याला सापडायला नको.

1880च्या दशकात जलद ब्रोमाइड कागद आला, दिव्याच्या उजेडात एन्लार्जमेंट, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून छापणं, शक्य झालं आणि चित्र पालटलं. 22 फेब्रुवारी 1893 रोजी अमेरिकी फोटोग्राफर आल्फ्रेड स्टिग्लिट्झ न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर हिमवादळात तीन तास उभा राहिला. हातातल्या छोट्या कॅमेऱ्यावर आलेल्या त्या निगेटिव्हचा मोठा भाग त्याने सरळ छाटला. उरली ती उभी चौकट आणि बर्फातून अंगावर येणारी घोडागाडी. हँड कॅमेऱ्याच्या निगेटिव्ह आपण एन्लार्ज करण्यासाठीच घेतो आणि पूर्ण निगेटिव्ह क्वचितच वापरतो, असं त्याने 1897 मध्ये बिनदिक्कत लिहूनही टाकलं. गंमत म्हणजे 1920च्या दशकात हाच माणूस लेक जॉर्ज या तळ्याकाठी नुसते ढग टिपू लागला. त्यांना क्षितिज नाही, वर-खाली ठरवायला आधार नाही. आणि प्रिंट मात्र निगेटिव्हच्याच मापाच्या, कॉन्टॅक्ट, म्हणजे निगेटिव्ह कागदावर थेट दाबून छापलेल्या.

सोवळं खरं घट्ट झालं ते कॅलिफोर्नियात. 1932 मध्ये एडवर्ड वेस्टन, अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, इमोजेन कनिंगहॅम वगैरे फोटोग्राफरांनी ‘ग्रुप एफ 64’ नावाने सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग म्युझियममध्ये प्रदर्शन भरवलं. धूसर, पेंटिंगची नक्कल करणाऱ्या फोटोंवरचा त्यांचा राग त्यात होता. वेस्टन 8 बाय 10 इंचांची निगेटिव्ह कॉन्टॅक्टनेच छापायचा. शटर दाबण्यापूर्वी प्रिंट डोळ्यांसमोर दिसली पाहिजे, हा त्याचा आग्रह. ओशियानोच्या वाळूच्या टेकड्यांवर त्याने 1936 मध्ये केलेलं काम पाहिलं की तो पटतोही. पण एकाची कामाची पद्धत पुढच्यांनी धर्मशास्त्र करून टाकली, असं माझं मत आहे. साठ-सत्तरच्या दशकांत तर काहीजण एन्लार्जरमधला निगेटिव्ह कॅरियर, म्हणजे निगेटिव्ह धरणारी चौकट, कानशीने घासून मोठा करत, म्हणजे फोटोभोवती काळी रेघ उमटावी आणि काहीही कापलेलं नाही याचा पुरावा मिळावा!

आपल्याकडचे स्टुडिओवाले या भानगडीत पडले नाहीत. याशिका मॅट कॅमेऱ्याची चौरस निगेटिव्ह, कागद आयताकृती; कापल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं.

अ‍ॅडम्सचं उदाहरण जास्त बोलकं आहे. 1927 मध्ये योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्यासमोर शेवटच्या प्लेटवर त्याने लाल फिल्टर लावला आणि आकाश जवळपास काळं केलं. पांढऱ्या आकाशाची जुनी कटकट तिथे संपली आणि वरची मोकळी जागा चौकटीत वजन पेलू लागली. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये रंगाचा आधार नसतो. कडेला एखादा उजळ ठिपका राहिला तरी नजर तिकडेच घसरते. म्हणून प्रिंट करताना कडा थोड्या जास्त एक्सपोज करून गडद कराव्यात, असं तो शिकवायचा. न कापता साधलेला क्रॉपच म्हणा ना. 1944च्या लोन पाइन गावाच्या पहाटेच्या फोटोत टेकडीवर शाळकरी मुलांनी रंगवलेली ‘एल पी’ ही अक्षरं त्याने पुसूनच टाकली. आणि 28 डिसेंबर 1960 रोजी हाफ डोमवरचा चंद्र टिपताना हातात हॅसलब्लाड कॅमेरा होता, म्हणजे निगेटिव्ह चौरस. भिंतीवर आपण पाहतो ती प्रिंट उभी आहे.