सोलापूर विद्यापीठ परिसरात इन्क्युबेशनसाठी अर्ज : पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज अडकतो कुठे

विद्यापीठाच्या इन्क्युबेशन केंद्रात, म्हणजे नव्या उद्योगाला सुरुवातीचा आधार देणाऱ्या केंद्रात, टेबल-खुर्ची मिळते, पण खरा उपयोग प्रयोगशाळा, मार्गदर्शक आणि निधीच्या योजनांचा. म्हणून अर्जात जागा मागण्यापेक्षा अडचण नीट मांडा. ‘डाळिंबावर प्रक्रिया करणार’ एवढ्यानं भागत नाही. कोणत्या टप्प्यावर किती माल वाया जातो आणि तुमचं यंत्र त्यातला किती वाचवतं, हे दोन पानांत सांगा. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र केगावलाच आहे. आकडे तिथल्या प्रकाशनांतून घ्या.

नुसती कल्पना असेल तर सहसा आधार, पॅन, विद्यार्थ्याचं बोनाफाईड आणि संकल्पनेची टिपणी पुरते. डीपीआयआयटीची (केंद्र सरकारच्या उद्योग प्रोत्साहन विभागाची) स्टार्टअप मान्यता मात्र एकट्याच्या मालकीच्या धंद्याला मिळत नाही. त्यासाठी सहसा प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी हवी, तीही साधारणपणे स्थापनेपासून 10 वर्षांच्या आतली. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, ही ती मान्यता नव्हे. ती वेगळी, आणि फुकट आहे. एजंटला पैसे कशाला द्यायचे?

आपल्याकडची नेहमीची गफलत अशी : वडिलांचा चालू यंत्रमाग कारखाना फोडून मुलाच्या नावावर नवी कंपनी काढतात. चालू धंद्याची विभागणी किंवा पुनर्रचना करून काढलेली कंपनी मान्यतेला अपात्र ठरते. मुलाचं उत्पादन खरंच नवं असेल तर कंपनीही नव्यानं उभी करा.

दुसरा अडसर लाइट बिलाचा. कंपनीचा पत्ता घरचा दिला की दोन महिन्यांच्या आतलं बिल आणि घरमालकाची एनओसी लागते. बिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल तर एनओसीवर सही कोण करणार? वारस नोंद आधी उरकून घ्या.

शोध पेटंटजोगा वाटत असेल तर प्रदर्शनात मांडण्याआधी तात्पुरता अर्ज टाका, कारण उघड झालेल्या गोष्टीचं नावीन्य संपतं. मग पूर्ण तपशील 12 महिन्यांत द्यावा लागतो. ‘सोलापुरी चादर’ हे नाव जीआय (भौगोलिक मानांकन) नोंदणीतलं आहे, ते आपला ट्रेडमार्क म्हणून मिळेल या भ्रमात राहू नका.

निवड झाली की करार येतो. केंद्राला किती हिस्सा, प्रयोगशाळेत तयार झालेल्या गोष्टीची मालकी कोणाची, मुदत किती आणि आधी बाहेर पडल्यास काय, ही चार कलमं सीएला दाखवल्याशिवाय सही करू नका.