पडणाऱ्या लिंकला दंड किती?

एका नेटवर्क स्विचचा, म्हणजे संगणकांच्या केबली एकमेकांना जोडणाऱ्या डब्याचा लॉग (घडामोडींची नोंदवही) वाचत होतो. पोर्ट सात (केबल खुपसायचं सातवं भोक), लिंक डाउन, म्हणजे जोडणी तुटली. एका सेकंदानं लिंक अप. आणखी एका सेकंदानं पुन्हा डाउन. रात्रभर हेच चाललं होतं. सकाळी पाहिलं तर केबलच्या प्लगचा प्लास्टिकचा खटका तुटलेला. प्लग भोकात नुसता टेकून होता, पंख्याच्या थरथरीनं कधी चिकटत होता, कधी सुटत होता.

‘स्वतःच स्वतःला दुरुस्त करणारं नेटवर्क’ अशा जाहिराती हल्ली सारख्या दिसतात. तुटलेला खटका कुठलंही सॉफ्टवेअर जोडून देणार नाही. पण अशा वेळी स्विच स्वतःहून काय करू शकतो, ते जाहिरातीपेक्षा कितीतरी सुंदर आहे.

मुळात लिंक पडली हे त्याला कळतं कसं? इथरनेटमध्ये (केबलच्या नेटवर्कची नेहमीची पद्धत) पाठवायला काही नसलं तरी दोन्ही टोकं एकमेकांना ‘मी आहे’ असं सांगत राहतात. जुन्या 10 मेगाबिटच्या केबलवर यासाठी साधारण दर 16 मिलिसेकंदांनी एक ठोका जायचा. ठोके थांबले की पोर्टमागची चिप एका रजिस्टरमधला (चिपमधल्या छोट्या नोंदकप्प्यातला) एक बिट 1 चा 0 करते. यातली माझी आवडती खुबी अशी, की लिंक लगेच परत आली तरी हा बिट 0 वरच अडकून राहतो. स्विचच्या प्रोसेसरनं तो एकदा वाचला की मगच सुटतो. त्यामुळे प्रोसेसर दुसऱ्या कामात असताना लिंक क्षणभर पडून उठली, तरी ती पडली होती हे लपत नाही.

पुढे ही बातमी कुठे द्यायची? नेहमीची पद्धत म्हणजे देखरेखीच्या सर्व्हरला एसएनएमपी ट्रॅप, म्हणजे उपकरणानं स्वतःहून पाठवलेला इशारा, पाठवणं. साधा ट्रॅप यूडीपी या पोच न मागणाऱ्या पद्धतीनं जातो, त्यामुळे तो पोचला की नाही ते कळत नाही. आणि पडलेली लिंक हीच सर्व्हरकडे जाणारी एकमेव वाट असेल, तर बातमी स्विचमध्येच अडकते. म्हणून काही निर्णय स्विचवरच व्हावे लागतात. सिस्कोच्या उपकरणांत यासाठी एम्बेडेड इव्हेंट मॅनेजर असतो, अरिस्टाच्या स्विचमध्ये इव्हेंट हँडलर. अमुक घडलं की तमुक कर, एवढाच नियम: अपलिंक (पुढच्या नेटवर्ककडे जाणारी मुख्य लिंक) पडली तर पर्यायी पोर्ट चालू कर, त्या क्षणीचे एरर काउंटर फाइलमध्ये लिहून ठेव, मेल पाठव.

पण खटका तुटलेल्या त्या पोर्टवर असा नियम लावला तर? दर दोन सेकंदांनी पर्यायी पोर्ट चालू, बंद, चालू. प्रत्येक वेळी राउटिंगचा (माहिती कुठल्या वाटेनं पाठवायची याचा) हिशेब नव्यानं, आणि एका सैल प्लगचा त्रास अख्ख्या नेटवर्कला. इथे डॅम्पिंग, म्हणजे सारखी पडणारी लिंक काही काळ बाजूला ठेवणं, कामाला येतं, आणि त्याचं गणित किरणोत्सर्गाच्या धड्यातलंच आहे: अर्धायुष्य.

लिंक पडली की 1000 गुण दंड. दंड आपोआप ओसरत जातो. सिस्कोच्या इंटरफेस डॅम्पिंगमध्ये मुळातली सेटिंग अशी, की दर 5 सेकंदांनी तो निम्मा होतो. दंड 2000 च्या वर गेला की लिंक वर असली तरी राउटिंगसाठी ती पडलेलीच धरायची. 1000 च्या खाली आला की माफी. आता आपला पोर्ट बघा. पहिल्यांदा पडला, 1000. दोन सेकंदांत ते 758 उरले, तेवढ्यात पुन्हा पडला: 1758. आणखी दोन सेकंदांत 1332, आणि तिसरी पडझड: 2332. झाली शिक्षा! यानंतर लिंक शांत राहिली तर सुमारे सहा सेकंदांत दंड 1000 च्या खाली येतो. कितीही वेळा पडली तरी दंड 16000 च्या वर चढत नाही, म्हणजे स्थिरावलेल्या लिंकला 20 सेकंदांहून जास्त ताटकळावं लागत नाही.

शिक्षेची रेघ 2000 वर आणि माफीची 1000 वर, हे अंतर मुद्दाम ठेवलेलं आहे. दोन्ही रेघा एकच असत्या तर दंड त्या रेघेपाशी वरखाली होत राहिला असता आणि शिक्षाच फडफडू लागली असती.

या गणिताला एक आंधळी बाजू आहे. मिनिटाला एकदा पडणारी लिंक इथे कायम निर्दोष ठरते, कारण 60 सेकंदांत दंड 12 वेळा निम्मा होऊन 1000 मधला पावसुद्धा उरत नाही. तिच्यासाठी तासाभरातल्या पडझडी मोजणारा वेगळा नियम लिहावा लागतो. तो लिहिताना स्वतःच्याच शेपटीमागे धावणारा नियम होणार नाही याची काळजी घ्या: लिंक पडली म्हणून स्क्रिप्टनं पोर्ट बंद केला, तर तो बंद होणं हीसुद्धा ‘लिंक डाउन’ची नोंद असते आणि स्क्रिप्ट पुन्हा जागी होते.

‘काही झालं की स्विच बंद करून चालू करा’ हा तोडगाही मला मंत्रासारखाच वाटतो. पुष्कळ स्विचचा लॉग मेमरीतच असतो. वीज गेली की कारणाचा पुरावाही गेला, आणि तुटलेला खटका तसाच राहतो.

हीच दंडाची कल्पना इंटरनेटच्या बीजीपी मार्गांसाठी (मोठी नेटवर्कं एकमेकांना ज्या पद्धतीनं वाटा सांगतात ती बीजीपी) कर्टिस व्हिलामिझार, रवी चंद्रा आणि रमेश गोविंदन यांनी 1998 च्या आरएफसी 2439 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात मांडली होती. तिथे मात्र ती अंगाशी आली. एक मार्ग एकदाच पडला, तरी दूरचे राउटर (वाटा ठरवणारी उपकरणं) पर्यायी वाटा एकामागून एक चाचपतात. प्रत्येक चाचपणी नवी पडझड म्हणून मोजली जायची आणि निरपराध मार्गाला तासभरापर्यंत शिक्षा व्हायची. 2006 मध्ये युरोपातल्या नेटवर्क चालकांच्या राइप समुदायानं डॅम्पिंग वापरूच नका असा सल्ला दिला. 2013 मध्ये तो बदलला: वापरा, पण शिक्षेची रेघ निदान 6000 वर न्या.