मॉड्यूल जोडणी (वेब अ‍ॅप्लिकेशन)

वेब अ‍ॅप्लिकेशनसाठी इतरांनी लिहिलेला तयार कोड कोणत्या मार्गाने आणायचा, याची निवड. लायब्ररी (असा तयार कोडसंच) परक्या सीडीएनवरून (फाइली पुरवणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्यावरून) स्क्रिप्ट टॅगने मागवता येते, तिची प्रत स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येते किंवा एनपीएममधून (जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या सार्वजनिक साठ्यातून) पॅकेज घेऊन बंडलरने (अनेक फाइली एकत्र बांधणाऱ्या साधनाने) आपल्या कोडसोबत बांधता येते. जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या प्रमाणकात मॉड्यूलची, म्हणजे कोड वेगळ्या फाइलींत ठेवून हवा तिथे आणण्याची, सोय भाषेतच आली.

एका साइटसाठी उतरलेली लायब्ररी दुसऱ्या साइटलाही आयती मिळते, असे सीडीएनच्या बाजूने पूर्वी सांगितले जाई. ते आता खरे नाही. क्रोमने २०२० मध्ये आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये कॅशे (उतरवलेल्या फाइलींचा ब्राउझरमधला साठा) साइटनिहाय वेगळी केली.

बेळगाव सीमाभागात ही निवड भाषेशी जोडलेली आहे. निपाणीच्या किंवा खानापूरच्या पतसंस्थेची साइट मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी तिन्ही भाषांत असली, तरच सगळ्या सभासदांच्या उपयोगी पडते. पण तिन्ही भाषांतरे एकाच बंडलमध्ये कोंबली, तर प्रत्येकाला न वाचायच्या दोन भाषांचाही भार उतरवून घ्यावा लागतो. जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात जिथे सिग्नल क्षीण आहे, तिथे हा भार सोसवत नाही. म्हणून भाषेची फाइल डायनॅमिक इम्पोर्टने, सभासदाने भाषा निवडल्यावरच आणावी. फाँटना सीएसएसमध्ये युनिकोड-रेंज (फाँट कोणत्या अक्षरांसाठी आहे ती मर्यादा) दिली, की पानावर कन्नड अक्षर असेल तेव्हाच कन्नड फाँट उतरतो.

त्याही आधी, लायब्ररी मुळात हवी का, हे तपासावे. ठेवीची रक्कम लाख-कोटींच्या स्वल्पविरामांनी मांडणे किंवा महिन्याचे नाव त्या त्या भाषेत लिहिणे ब्राउझरला स्वतःच येते. मराठी निवडल्यावर आकडे आपोआप देवनागरीत येतात. कन्नडमध्ये मात्र ते इंग्रजी अंकांत येतात आणि कन्नड अंक वेगळे मागावे लागतात.

मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचे पॅकेज लेखकाने एनपीएमवरून काढून घेतले आणि त्यावर विसंबलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी अडली. पतसंस्थेसारख्या, लोकांच्या पैशाशी संबंधित साइटने प्रत स्वतःकडे ठेवणे आणि लॉक फाइलने आवृत्ती पक्की करणे हेच योग्य. सीडीएन टळत नसेल, तर टॅगमध्ये इंटिग्रिटी हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) द्यावा. फाइल बदलली की ब्राउझर ती चालवत नाही. २०२४ मध्ये पॉलिफिल डॉट आयओ या, जुन्या ब्राउझरांना नव्या सोयी पुरवणाऱ्या सेवेवरून घातक कोड पसरला, तेव्हा ही ढालही चालण्यासारखी नव्हती, कारण ती सेवा ब्राउझर पाहून प्रत्येकाला निराळी फाइल देत असे.